कॅसेटीत फुंकर मारायची की नाही?

गेल्या अंकात या पानावर 'हाय स्कोअर'बद्दल चार ओळी काय खरडल्या, पत्रांची आणि मेसेजांची नुसती झोड उठली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, नेटफ्लिक्सवर २०२० साली आलेली सहा भागांची माहितीपट मालिका आहे, व्हिडिओगेम कुठून आले, कोणी केले, धंदा कसा बुडाला नि परत कसा उभा राहिला याची, आणि त्यात गोष्ट सांगणारा आवाज चार्ल्स मार्टिने यांचा, म्हणजे मारियोला वर्षानुवर्षं आवाज दिला तोच माणूस. मी ती चवथीच्या सुट्टीत दोन रात्रींत संपवली, बायकोने तोंडावर सांगितलं की गणपतीच्या वरची फळा-पानांची माटोळी बांधताना एवढा उत्साह दिसला नाही. असो. जमतील तेवढी पत्रं घेतो.

डिचोलीहून एक वाचक: मालिकेचा पहिला भाग बघून मुलगा म्हणायला लागला की स्पेस इन्व्हेडर्स हा जगातला पहिला व्हिडिओगेम. मी म्हणालो पहिला पाँग. आता घरात दोन पक्ष झालेत, बायको तटस्थ आहे. निकाल द्या.

दोघेही हरलात! स्पेस इन्व्हेडर्स आला १९७८ ला, पाँग १९७२ ला, म्हणजे बापलेकात तुम्ही सहा वर्षांनी पुढे आहात एवढं समाधान माना. पण पाँगच्याही १४ वर्षं आधी, १९५८ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोप या विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर टेनिस करून दाखवलं होतं. कारण काय तर प्रयोगशाळा बघायला लोक यायचे, मांडून ठेवलेली यंत्रं नि तक्ते बघून त्यांना जांभया यायच्या, म्हणून जरा करमणूक. हा माणूस आधी अणुबाँबच्या कामावर होता. पेटंट वगैरे घ्यायच्या भानगडीत तो पडलाच नाही. मग १९६२ ला एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या दोस्तांनी कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' केला, पण तो कॉम्प्युटर कपाटाएवढा, घरी कोण आणणार.

घरच्या टीव्हीवर खेळ आणायची कल्पना राल्फ बेअर या इंजिनियरची, त्याला ती १९६६ ला सुचली आणि मॅग्नावॉक्स ओडिसी या नावाने १९७२ ला बाजारात आली. आवाज नाही, रंग नाही, रंगीत प्लॅस्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा आणि हेच मैदान असं समजायचं. त्यातलं टेनिस पुढे अटारी ही गेम कंपनी काढणाऱ्या नोलन बुशनेलने एका प्रदर्शनात खेळून पाहिलं होतं, त्यानंतर त्याच्याकडच्या ॲल ॲलकॉर्नने तसाच चेंडू-फळीचा पाँग केला. मग मॅग्नावॉक्सने दावा ठोकला आणि १९७६ ला अटारीने लायसन्स घेऊन मिटवलं. तेव्हा पहिला कोण हे पहिला म्हणजे काय यावर आहे. मुलाला म्हणावं हिगिनबॉथम, आणि विषय बंद.

पाँगचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियात सनीव्हेल गावातल्या एका बारमध्ये लावलं होतं, थोड्याच दिवसांत बंद पडलं, उघडून बघतात तर बिघाड काहीच नाही, नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता. हे ऐकल्यावर मला आमच्या गावची जत्रा आठवली. तिथे एकजण असलं मशीन टेंपोतून आणायचा, रुपयाला एक डाव, आणि एका रात्री नाटकाचा पहिला अंक चालू असताना ते बंद पडलं. मालकाने मागची फळी काढली तर आत अडकलेला सायकलचा वॉशर. तो कोणी टाकला ते मला माहीत आहे, सांगणार नाही, तो आता बँकेत चांगल्या पोस्टवर आहे.

वास्कोहून एक वाचक: बाबा बोटीवर होते, त्यांनी १९९३ ला टीव्हीला लावायचा व्हिडिओगेम आणला होता, बंदूक पण होती. मालिका बघून माळ्यावरून काढला. लाईट लागते, पण नवीन एलईडी टीव्हीवर कधी करडी पट्टी तर कधी काहीच नाही. गेमच्या कॅसेटीत फुंकर मारून मारून थकलो. बंदूक तर अजिबातच चालत नाही. काय करू?

आधी फुंकर थांबवा हो. हा मंत्र गोव्यापासून अमेरिकेपर्यंत सगळ्या पोरांना कोणी न शिकवता येत होता आणि सगळ्यांचाच चुकीचा होता, गेम बनवणाऱ्या जपानी निन्टेन्डो कंपनीने स्वतः सांगितलेलं आहे की फुंकू नका. कॅसेट परत चालायची ती फुंकरीमुळे नाही, आपण ती काढून परत घालायचो म्हणून. कॅसेटीच्या पट्ट्या आणि मशीनच्या आतल्या पिना एकमेकींना जरा वेगळ्या जागी टेकायच्या, जमलं. तोंडातली वाफ मात्र पट्टीवर बसते आणि हळूहळू गंज धरतो, त्यात वास्कोची खारी हवा आणि तीस पावसाळे माळ्यावर, म्हणजे काय झालं असेल त्याची कल्पना करा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कान साफ करायच्या काडीला ते लावून कॅसेटीची पट्टी पुसा, काडी काळी होईल, होऊ द्या, पांढरी येईपर्यंत पुसत राहा, पूर्ण वाळली की मगच लावा. अल्कोहोल म्हटलं म्हणून कपाटातली फेणी काढू नका, तिच्यात पाणीही असतं आणि ती तिथे वायाही जाते.

अडॅप्टर जुनाच वापरताय ना? दुसरा लावला असेल तर आधी काढा. असल्या कितीतरी मशीनना मधली पिन मायनस आणि बाहेरची कडी प्लस लागते, आजच्या बहुतेक अडॅप्टरचं नेमकं उलटं, नि उलटं गेलं तर धूर. मशीनच्या मागे छोटं चित्र असतं ते बघा, व्होल्ट बघा. नंतर टीव्हीचं. अँटेनाची वायर लावत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲनालॉग चॅनेल शोधायला लावा, काही नवीन टीव्हींत ती सोयच काढून टाकलीय. मशीनला पिवळी-पांढरी भोकं असतील तर त्या वायरीने लावा, टीव्हीला तशी भोकं नसतील तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी घ्या, महाग नसते.

बंदूक मात्र विसरा. तिचा दोष नाही. 'डक हंट' या बदकं पाडायच्या गेममध्ये तुम्ही घोडा ओढलात की क्षणभर पडदा काळा होतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीतला डोळा एवढंच बघतो की आधी काळं आणि मग पांढरं दिसलं का. दिसलं तर बदक मेलं. म्हणजे बंदुकीतून काही सुटत नाही, तीच टीव्हीकडे बघते. तो आधीचा काळा क्षण मुद्दाम, नाहीतर पोरं बल्बवर नेम धरून सगळी बदकं पाडतील (आम्ही ट्यूबलाईटवर धरून बघितला होता, नाही चालला, आता कारण कळलं). हे सगळं जुन्या डब्बा टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं, त्याच्या पडद्यावर चित्र ओळीओळीने झरझर रंगवलं जायचं. एलईडी टीव्ही चित्र आधी स्वतःजवळ घेतो, नीटनेटकं करतो आणि मग दाखवतो, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. कोणाकडे जुना टीव्ही भंगारात चालला असेल तर उचला, दुसरा इलाज नाही.

कॅसेटीचा विषय निघालाच आहे तर मालिकेबद्दल एक तक्रार नोंदवतो. जेरी लॉसन या इंजिनियरवर त्यात एक सुंदर तुकडा आहे, त्याची मुलं बोलतात, ऐकताना गलबलून येतं. १९७६ चं फेअरचाइल्ड चॅनेल एफ, कॅसेट बदलून नवा खेळ लावायची सोय असलेलं पहिलं मशीन, त्याच्या देखरेखीखाली झालं, आणि सिलिकॉन व्हॅलीत त्या काळी काळे इंजिनियर बोटांवर मोजण्याइतके. हे सगळं खरं. पण बघून उठणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते 'कॅसेट लॉसनने शोधली', आणि ते तितकंसं खरं नाही. मूळ कल्पना अल्पेक्स नावाच्या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची होती, फेअरचाइल्डने ती लायसन्सवर घेतली आणि लॉसनच्या टीमने ती पोरांच्या दणक्याला टिकेल अशी करून दाखवली. माझ्या मते यात लॉसनचं मोठेपण कमी होत नाही, उलट वाढतं, कल्पना प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात आणणं हेच कठीण. पण माहितीपटवाल्यांना एकच नायक लागतो ना.

पेडण्याहून कॉलेजची विद्यार्थिनी: स्पेस इन्व्हेडर्समध्ये शेवटी शेवटी ते परग्रहवासी जीव पळत सुटतात, ते मुद्दाम ठेवलं होतं की चुकून झालं? आमचे सर म्हणाले चुकून.

सर बरोबर आहेत. तोमोहिरो निशिकादो यांनी टायटो कंपनीत हा गेम जवळजवळ एकट्याने केला, सर्किटसुद्धा स्वतःच बनवलं, आणि त्यातला प्रोसेसर म्हणजे इंटेलचा ८०८०, त्याची ताकद ती केवढी. पडद्यावर ११ च्या ५ रांगा, एकूण ५५ जीव, आणि तो बिचारा एका फेरीला एकच जीव सरकवायचा. सेकंदाला साधारण ६० फेऱ्या, म्हणजे सगळी फौज एक पाऊल पुढे जायला जवळजवळ पूर्ण सेकंद. तुम्ही मारत गेलात की सरकवायचे जीव कमी, त्यामुळे पाऊल लवकर, आणि एकच उरला की त्याला दर फेरीला पाऊल टाकायला मिळतं, मग तो सुसाट. निशिकादोंनी बघितलं, मजा येतेय, राहू दे म्हणाले. छातीत धडधड व्हायची ती याचीच!

आणि एक, त्या जिवांचे आकार नीट बघा. माणकी (स्क्विड), कुर्ली (खेकडा) आणि ऑक्टोपस. माणसांवर गोळ्या झाडणं बरं दिसत नाही म्हणून परग्रहवासी घेतले आणि ते काढले समुद्रातल्या प्राण्यांवरून. आपल्या मासळीबाजारावर हल्ला झाल्यासारखंच आहे ते. पडदा काळा-पांढराच होता बरं का, रंग दिसायचे ते वर लावलेल्या रंगीत सेलोफेन कागदाच्या पट्ट्यांमुळे. गोळी वर जाताना रंग बदलते ती त्यामुळे, हे कॉलेजात सांगून बघ, सरांनाही माहीत नसेल.

म्हापशाहून एक आई: त्या मारामारीच्या भागात रक्त बघून मी टीव्ही बंद केला, मुलगा दहाचा आहे. असल्या गेमवर कोणाचं नियंत्रण नाही का?

त्याच रक्तामुळे नियंत्रण आलं ताई. १९९२ चा मॉर्टल कॉम्बॅट आणि आणखी एकदोन गेमवरून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी झाली, सरकार कायदा करेल या भीतीने कंपन्यांनी १९९४ ला स्वतःच वयाचे शिक्के मारणारी संस्था काढली. अमेरिकन गेमच्या डब्यावर ई, टी, एम असं अक्षर असतं, एम म्हणजे १७ आणि त्यावरच्यांसाठी. मुलगा दहाचा आहे म्हणता तर एम नको. बाकी मालिका त्याच्याबरोबर बसून बघा, 'फायनल फँटसी' या गेमची चित्रं काढणाऱ्या अमानोंचा भाग तुम्हालाही आवडेल.

मडगावहून एक शिक्षिका: निन्टेन्डो कंपनी पूर्वी पत्ते विकायची असं ऐकलं. खरं का? मुलांना वर्गात सांगायचंय.

खरं, आणि मुलांना सांगताना ही गोष्ट गोव्यापासून सुरू करा. निन्टेन्डो १८८९ ला क्योतोमध्ये सुरू झाली ती हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते बनवायला. आता जपानमध्ये पत्ते आले कुठून? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी नेले. जपानीत पत्त्यांना करुता म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज 'कार्ता'चाच. आणि त्या काळी पोर्तुगीजांची जपानला जाणारी व्यापारी जहाजं सुटायची आपल्या जुन्या गोव्याहून, मकावमार्गे. फ्रान्सिस झेवियर १५४९ ला जपानात उतरले तेही गोव्याहूनच निघून. झेवियरच्या पेटीत पत्ते होते असं मी म्हणत नाहीये हां, नाहीतर उद्या मला पत्रं येतील. पण खलाशांच्या खिशात काय असतं ते आपल्याला माहीत आहे. तिथल्या राज्यकर्त्यांनी जुगार नको म्हणून पत्त्यांवर बंदी घातली, लोकांनी नवी चित्रं काढली, परत बंदी, परत नवी चित्रं, असं करत करत आकडे गेले आणि फुलं आली, आणि त्या फुलांच्या पत्त्यांवर निन्टेन्डो उभी राहिली. चवथीच्या रात्री पत्ते कुटताना कोणी टोकलं तर म्हणा, आम्ही मारियोच्या पणजोबांबरोबर बसलोय.

साखळीहून एक वाचक: सहाच्या सहा भाग बघितले. अमेरिका, जपान, जपान, अमेरिका. आपण कुठे आहोत? आपण खेळलोच नाही का?

या पत्रासाठीच मी हे पान दोन कॉलम वाढवून मागितलं. मलाही हीच गोष्ट बोचली. आपण खेळलो, खूप खेळलो, पण ज्याच्यावर खेळलो ते मशीन त्या इतिहासात बसत नाही. निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आलं, अमेरिकेत तेच मशीन वेगळ्या डब्यात १९८५ ला. आपल्या घरांत आलं ते तैवान आणि चीनमध्ये बनलेलं त्याचं डुप्लिकेट, कधी बोटीवरच्या काकांच्या बॅगेतून, कधी कुवेतहून, कधी मुंबईच्या फूटपाथवरून, आणि डब्यावर टर्मिनेटर, लिटल मास्टर असलं काहीतरी नाव. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं '९९९९ गेम', लावून बघितलं तर पाच-पन्नास गेम आणि तेच ते फिरून फिरून, फक्त एकात मारियो तिसऱ्या लेव्हलला सुरू, एकात कॉन्ट्राला ३० जीव आधीच दिलेले. अमेरिकेतल्या पोरांना त्या ३० जिवांसाठी वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए असा कोड पाठ करावा लागायचा, आपल्याला कॅसेटवाल्यानेच सोय करून दिली होती, आणि आपल्याला वाटायचं गेमच तसा आहे. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती.

आणि हे फक्त आपलंच नाही. रशियात १९९२ पासून 'डेंडी' नावाने हेच डुप्लिकेट घराघरात, पोलंडमध्ये 'पेगासस' नावाने. तिथल्या पोरांना निन्टेन्डो हा शब्द कित्येक वर्षं माहीत नव्हता, मारियो माहीत होता. एवढ्या लोकांचं बालपण ज्या डब्यांवर गेलं त्यांना सहा भागांत जागा नाही याचं कारण सरळ आहे, माहितीपट बनवताना समोर बसवून विचारायला माणूस लागतो, आणि डुप्लिकेट बनवणारा कॅमेऱ्यासमोर येऊन 'होय मीच केलं' कशाला सांगेल. निशिकादो भेटतात, पिवळ्या कॅसेटवर '९९९९' छापणारा भेटत नाही.

अमेरिकेत अटारीने १९८३ ला न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोमधल्या आलामोगोर्दो गावाच्या कचरापट्टीत पुरल्या, त्यात तो पाच आठवड्यांत घाईघाईने केलेला 'ई.टी.' सिनेमावरचा गेमही होता. २०१४ ला लोकांनी जेसीबी लावून त्या उकरून काढल्या, एक कॅसेट स्मिथसोनियन म्युझियममध्ये गेली. कचऱ्यातून! आणि आपल्याकडे चवथीच्या आधी माळा साफ करताना तेच मशीन किलोवर जातं. मी स्वतः दिलंय, २००६ ला, रद्दीबरोबर, वर भंगारवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस केली. म्हणून विनंती, ज्यांच्याकडे मशीन, कॅसेट, डबा, बिल, दुकानाची पाटी दिसणारा फोटो, काहीही असेल त्यांनी फोटो काढून आमच्या पत्त्यावर पाठवा, कोणत्या साली, कोणी, कुठून आणलं तेवढं लिहा. पोर्तुगीज काळातली कागदपत्रं जपणारं राज्य आहे आपलं, नव्वदच्या दशकातली एक पिवळी कॅसेट जपायला काय हरकत आहे.

फोंड्याहून एक वाचक: आमच्या शाळेत चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचो आणि सर बाहेर गेले की डेव्ह खेळायचो. मालिकेत डेव्ह का नाही?

डेव्ह नसेल, त्याचा बाप आहे. जॉन रोमेरो, लांब केसांचा, तो जो डूम या गोळीबाराच्या गेमबद्दल बोलतो. डेंजरस डेव्ह त्याने १९८८ ला लिहिला, मारियो बघून. पुढची गंमत ऐका, १९९० ला जॉन कार्मॅकने पीसीवर पडदा न अडखळता सरकवायची युक्ती शोधली, आणि त्याने व टॉम हॉलने एका रात्रीत मारियो थ्रीची पहिली लेव्हल पीसीवर हुबेहूब उतरवली, फक्त मारियोच्या जागी हा आपला डेव्ह. सकाळी रोमेरोने बघितलं आणि म्हणाला आता नोकरी सोडायची. त्यांनी निन्टेन्डोला विचारलं, ते नको म्हणाले, मग यांनी कंपनी काढली आणि डिसेंबर १९९३ ला डूम आला. म्हणजे सर बाहेर गेल्यावर तुम्ही जे उघडायचात तिथूनच निघालेला रस्ता आहे तो. सरांना भेटलात तर सांगा.

काणकोणहून एक वाचक, दोन ओळी: डक हंटमध्ये मी कधीच चांगला नव्हतो, पण थोरला भाऊ बाजूला बसला असला की एकही बदक पडायचं नाही. तो हसत बसायचा, आता कुवेतला असतो. एकटा असताना बरी पडायची. मनाचे खेळ असतील का?

भावाच्या हातात गेमचा रिमोट (टीव्हीचा नव्हे) असायचा का ते आठवा. एका बदकाच्या गेममध्ये दुसऱ्या माणसाला रिमोटने बदक हवं तिकडे उडवता येतं. हे टीव्हीवर कुठेच लिहून येत नाही. तो कुवेतला असतो म्हणता, तिकडचं घड्याळ अडीच तास मागे आहे, आता जागा असेल, फोन लावा.